विल्यम हेन्री स्लीमन

मेजर-जनरल सर विल्यम हेन्री स्लीमन (८ ऑगस्ट १७८८ – १० फेब्रुवारी १८५६) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील ब्रिटिश लष्करी अधिकारी, प्रशासक व लेखक होते. ठगीविरोधी मोहिमेचे प्रमुख म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्यांनी १८२८ मध्ये जबलपूरजवळच्या एका टेकडीवरून गोळा केलेल्या अस्थी हे आशिया खंडात सापडलेले डायनोसॉरचे पहिले जीवाश्म मानले जातात. एकाच अधिकाऱ्याने, एकाच प्रदेशात आणि जवळजवळ एकाच काळात केलेल्या या दोन शोधांच्या वाट्याला अगदी वेगळे भवितव्य आले. ठगांच्या शोधाचा वृत्तपत्रे, अहवाल व ग्रंथ यांतून मोठा गाजावाजा झाला आणि त्यातून एक स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले. अस्थींना मात्र नाव मिळायला ४९ वर्षे लागली. आजच्या हिंगोली जिल्ह्याशी स्लीमन यांच्या मोहिमेचा संबंध आहे. हिंगोलीच्या छावणीत उघडकीस आलेले हत्यासत्र हे ठगीच्या इतिहासातील एक ठळक प्रकरण समजले जाते.

प्रारंभीचे जीवन

स्लीमन यांचा जन्म इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन येथे झाला. त्यांचे वडील फिलिप स्लीमन अबकारी खात्यात पर्यवेक्षक होते. १८०९ मध्ये स्लीमन कंपनीच्या बंगाल फौजेत दाखल झाले. १८१४ ते १८१६ या काळातील नेपाळच्या युद्धात त्यांनी भाग घेतला. बराकीतल्या जीवनापेक्षा भाषा, शेती, लोकरीती आणि भूप्रदेश यांची त्यांना अधिक ओढ होती. देशी भाषांवर त्यांनी चांगले प्रभुत्व मिळवले. पुढच्या सगळ्या कामगिरीत हेच त्यांचे मुख्य साधन ठरले.

नर्मदा खोऱ्यातील प्रशासन

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर मराठ्यांच्या ताब्यातील सागर व नर्मदा प्रदेश कंपनीकडे आला. १८२० मध्ये स्लीमन यांची तेथे गव्हर्नर जनरलच्या एजंटाचे साहाय्यक म्हणून नेमणूक झाली आणि ते लष्करी सेवेतून मुलकी कारभारात आले. १८२२ मध्ये नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. ही दोन वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची होती, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. १८२५ मध्ये ते कॅप्टन झाले व १८२८ मध्ये जबलपूर जिल्ह्याचे प्रमुख बनले. २१ जून १८२९ रोजी जबलपूर येथे त्यांचा विवाह अमेली जोसेफिन या फ्रेंच सरदारकन्येशी झाला. मॉरिशसमधून आणलेल्या ताहिती जातीच्या उसाचा मध्य भारतात प्रसार करण्यातही स्लीमन यांचा पुढाकार होता.

नरसिंहपूरच्या कारकिर्दीतील एक गोष्ट त्यांना आयुष्यभर सलत राहिली. त्यांच्या कचेरीपासून काही शे पावलांवर असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती आणि जिल्ह्यातील एका आमराईत अनेक वाटसरूंची प्रेते पुरली जात होती. जिल्ह्याचे दंडाधिकारी असूनही त्यांना त्या वेळी याचा सुगावा लागला नव्हता. काही वर्षांनी माफीच्या साक्षीदारांकडून त्यांना हे कळले.

बडा सिमला टेकडीवरील अस्थी

जबलपूरच्या छावणीलगत बडा सिमला नावाची टेकडी आहे. नर्मदा खोऱ्यातील काळ्या पाषाणाच्या थरांचे निरीक्षण करताना १८२८ मध्ये स्लीमन यांना तेथे दगड बनलेल्या झाडांचे खोडवे आणि काही मोठ्या अस्थी आढळल्या. त्यात शेपटीचे मणके होते. हे प्राणी कोणते, हे त्या वेळी कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. इंग्लंडमध्ये विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरसचे वर्णन प्रसिद्ध करून अवघी चार वर्षे झाली होती. डायनोसॉर ही संज्ञा रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केली, म्हणजे ती जन्माला यायला अजून १४ वर्षे होती.

स्लीमन यांनी या अस्थी जबलपूरचे शल्यचिकित्सक जी. जी. स्पिल्सबरी यांना दिल्या. स्पिल्सबरी यांना जीवाश्मांचा छंद होता आणि त्यांनी स्वतःही तेथून एक अस्थी मिळवली. १८३२ मध्ये हा ठेवा कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचला. ब्राह्मी लिपीच्या वाचनामुळे पुढे कीर्ती मिळवणारे प्रिन्सेप ते हेच. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे या मणक्यांकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. स्लीमन यांनीही त्यांचा पाठपुरावा केलेला दिसत नाही, कारण तोपर्यंत ते दुसऱ्या कामात पूर्णपणे गुंतले होते.

कलकत्त्यातील निनावी पत्र

वाटसरूंशी सलगी करायची, त्यांच्यासोबत काही मजल प्रवास करायचा, सोयीच्या जागी रुमालाने गळा आवळून त्यांना मारायचे, प्रेते पुरायची आणि माल वाटून घ्यायचा, अशी ठगांची कार्यपद्धती होती. स्लीमन यांच्याआधीही दक्षिणेत व दोआबात काही इंग्रज अधिकाऱ्यांना या टोळ्यांची माहिती मिळाली होती आणि काही ठग पकडलेही गेले होते. परंतु वेगवेगळ्या प्रांतांचे व संस्थानांचे अधिकार वेगळे असल्याने पाठलाग सीमेवर थांबत असे. शिवाय सरकारच्या दृष्टीने ही स्थानिक स्वरूपाची गुन्हेगारी होती.

३ ऑक्टोबर १८३० रोजी कलकत्ता लिटररी गॅझेट या पत्रात एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. मिर्झापूरजवळच्या विंध्याचल येथील देवीचे मंदिर हे देशभरातील ठगांचे श्रद्धास्थान असून तेथील पुजारी लुटीत वाटेकरी आहेत आणि त्यांच्या आशीर्वादानेच टोळ्या दरवर्षी मोहिमेवर निघतात, असे त्यात म्हटले होते. ठगी ही विखुरलेली वाटमारी नसून सगळ्या हिंदुस्थानात पसरलेला एक गुप्त संप्रदाय आहे आणि त्याचे निर्मूलन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असा पत्राचा रोख होता. हे पत्र स्लीमन यांनी लिहिले होते.

पत्राचा परिणाम तत्काळ झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांच्या सरकारने सागर व नर्मदा प्रदेशाचे एजंट एफ. सी. स्मिथ यांच्याकडे उपाययोजनेची विचारणा केली. स्मिथ यांनी पाठवलेल्या योजनेत स्लीमन यांच्या सूचनांचा मोठा वाटा होता. मोहिमेसाठी पैसा, शिपाई, घोडेस्वार आणि प्रांतांच्या सीमा ओलांडण्याचे अधिकार मिळाले. जानेवारी १८३५ मध्ये स्लीमन ठगी निर्मूलनाचे मुख्य अधीक्षक झाले. १८३९ मध्ये दरोडेखोरीचा बंदोबस्तही याच खात्याकडे आला आणि ते ठगी व डकैती खात्याचे आयुक्त बनले.

मोहिमेची पद्धत

मोहिमेचा कणा माफीचे साक्षीदार हा होता. पकडलेल्या ठगाने सर्व गुन्हे कबूल केले, साथीदारांची नावे दिली आणि प्रेते पुरलेल्या जागा दाखवल्या, तर त्याची फाशी टळत असे. १८३० च्या अखेरीस फिरंगिया हा नामांकित म्होरक्या पकडला गेला. त्याने स्लीमन यांच्या मुक्कामाच्या आमराईत, तंबूच्या आवारातच पुरलेली प्रेते दाखवली. त्याच्या कबुलीजबाबातून शेकडो नावे हाती लागली. स्लीमन यांनी प्रत्येक जबानी दुसरीशी ताडून पाहिली, टोळ्यांच्या वंशावळी तयार केल्या आणि नकाशे बनवले. ठगांच्या रामसी या सांकेतिक बोलीचा कोशही त्यांनी सिद्ध केला. हे सर्व साहित्य १८३६ मध्ये रामसीआना या ग्रंथात छापले गेले.

त्याच वर्षी संमत झालेल्या १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला. हे सभासदत्व कायद्यापूर्वीचे असो वा नंतरचे, कंपनीच्या मुलखातील असो वा बाहेरचे, त्यासाठी सक्तमजुरीसह जन्मठेपेची शिक्षा होती. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठगांचा निकाल लावण्यात आला. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. या साक्षीदारांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी जबलपूर येथे एक उद्योगशाळा सुरू करण्यात आली. तेथे तंबू व गालिचे तयार होत असत.

हिंगोली छावणी

हिंगोली त्या काळी निजामाच्या राज्यात होते आणि तेथे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना ही शहरातील वस्त्यांची नावे त्या छावणीची आठवण देतात. वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेवरील या ठाण्याची बाजारपेठ व्यापाऱ्यांनी व वाटसरूंनी गजबजलेली असे.

या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. इंग्रज अधिकारीही त्याच्याकडून माल घेत. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने एकदा मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून परवाना मिळवला. प्रत्यक्षात ते कापड जवळच्याच एका गावच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन वाटेत होता, हे हरिसिंगला ठाऊक होते. त्याच्या टोळीने त्या व्यापाऱ्याला, नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना ठार केले. मग तोच परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. हरिसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता. अटकेनंतर त्याने कबुली दिली तेव्हाच हे सारे बाहेर आले. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून सुमारे शंभर यार्डांवर अनेक माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा खणल्या तेव्हा एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघाली.

ही हकीकत निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी नोंदवून ठेवली आहे. हिंगोलीतील काही खड्डे उकरले जात असताना ते स्वतः हजर होते आणि ठगांच्या जबान्या घेण्याचे कामही त्यांनी केले. त्या अनुभवाच्या आधारे त्यांनी लिहिलेली ठगाच्या कबुलीजबाबाची इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला इंग्लंडमध्ये विलक्षण लोकप्रियता मिळाली. त्यामुळे स्लीमन यांचे कार्य युरोपातील घराघरांत पोहोचले. टेलर यांच्या मनात मात्र एक खंत राहिली. १८२९ मध्येच ते निजामाच्या मुलखातील काही संशयास्पद खुनांचा तपास करत होते, परंतु मध्येच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. तपास चालू ठेवता आला असता तर ठगी जगासमोर आणण्याचा मान आपल्याला मिळाला असता, असे त्यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सूचित केले आहे.

हिंगोलीचे प्रकरण दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. ठगांचे खून ही केवळ सरकारी कल्पना नव्हती, हे तेथे जमिनीतून निघालेल्या प्रेतांनी दाखवले. त्याचबरोबर टेलर यांनी सांगितलेल्या हकीकतीत हेतू दिसतो तो मालाचा, परवान्याचा आणि बाजारभावाचा. कलकत्त्याच्या पत्रातील गूढ धर्मसंप्रदायाशी या व्यापाऱ्याच्या व्यवहारांचा मेळ सहज बसत नाही.

कवट्या आणि मणके

१८३० च्या दशकात युरोपात कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगणाऱ्या मस्तकसामुद्रिक या विद्येची चलती होती. सागर येथील शल्यचिकित्सक हेन्री स्प्राय यांनी फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या १८३३ मध्ये एडिंबरोच्या मस्तकसामुद्रिक मंडळाकडे पाठवल्या. पुढच्याच वर्षी त्यांवरचा लेख तेथील नियतकालिकात छापला गेला. ही विद्या पुढे पूर्णपणे निराधार ठरली.

एकाच प्रदेशातून निघालेल्या दोन प्रकारच्या अस्थींची ही तुलना बोलकी आहे. ठगांच्या कवट्यांभोवती आधीच एक कथा तयार होती. वाचकांना तिचे कुतूहल होते आणि सरकारला तिचा उपयोग होता, म्हणून त्यांना वर्षभरात प्रसिद्धी मिळाली. बडा सिमल्याच्या मणक्यांमागे अशी कथा नव्हती. त्यांचे वैज्ञानिक मोल कितीतरी अधिक असूनही ते कलकत्त्याच्या संग्रहात पडून राहिले.

ग्वाल्हेर व लखनौ

१८४३ मध्ये स्लीमन यांची ग्वाल्हेर येथे रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला शिंद्यांची फौज व इंग्रज यांच्यात महाराजपूरची लढाई झाली. १८४९ मध्ये ते लखनौला अवधच्या दरबारात रेसिडेंट झाले. डिसेंबर १८४९ ते फेब्रुवारी १८५० या काळात त्यांनी अवधचा दौरा केला आणि तेथील अंदाधुंदीचे तपशीलवार टिपण तयार केले. कारभार इंग्रज देखरेखीखाली सुधारावा, पण राज्य खालसा करू नये, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात त्यांच्या वर्णनाचा उपयोग राज्य खालसा करण्याच्या समर्थनासाठी झाला. ठगी प्रकरणात त्यांची लेखणी सरकारला त्यांना हव्या असलेल्या दिशेने घेऊन गेली होती. येथे तिने सरकारच्या हाती असे साधन दिले, ज्याचा वापर त्यांच्या इच्छेविरुद्ध झाला.

१८५४ मध्ये ते मेजर-जनरल झाले. प्रकृती ढासळल्याने ते मोनार्क या जहाजातून इंग्लंडला निघाले. १० फेब्रुवारी १८५६ रोजी सिलोनजवळ समुद्रात त्यांचा मृत्यू झाला आणि तेथेच त्यांना जलसमाधी देण्यात आली. मृत्यूच्या चार दिवस आधी त्यांना सर हा किताब देण्यात आला होता. त्याच आठवड्यात, ७ फेब्रुवारीला, अवध खालसा झाले.

अस्थींचा पुढील प्रवास

१८६२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी स्लीमन यांचे मणके संस्थेच्या संग्रहात आणले. ते सरपटणाऱ्या प्राण्याचे असल्याचे ओळखून त्यांनी ते ह्यू फॉकनर यांच्याकडे अभ्यासासाठी पाठवले. फॉकनर यांचे वर्णन त्यांच्या निधनानंतर १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच परिसरात एच. बी. मेडलिकॉट यांना मांडीच्या हाडाचा भाग सापडला. अखेर १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी या अवशेषांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. ग्रीक पुराणातील महाकाय टायटनांवरून घेतलेल्या या नावाचा आधार शेपटीचे दोन मणके आणि एक अपुरे हाड एवढाच होता.

नाव भव्य असल्याने आणि आधार तुटपुंजा असल्याने पुढील शतकभरात जगाच्या वेगवेगळ्या भागांतील डझनभराहून अधिक जाती या एकाच प्रजातीत घातल्या गेल्या. २००३ मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी सर्व नमुन्यांची फेरतपासणी केली. मूळ मणक्यांत या प्राण्याला इतरांपासून वेगळे काढणारे एकही लक्षण उरत नसल्याने हे नाव संशयास्पद ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मधल्या काळात मूळ मणकेही हरवल्याचे मानले जात होते. २०१२ मध्ये धनंजय मोहबे व शुभाशिस सेन यांना कलकत्त्यातील सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यांतील नमुना पुन्हा सापडला.

हे अवशेष ज्या थरांतून मिळाले त्यांना लमेटा थर म्हणतात. ते सुमारे ६ कोटी ६० लाख ते ७ कोटी वर्षांपूर्वीचे असून दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली दबलेले आहेत. हिंगोलीसह मराठवाड्याचा बहुतेक भाग या पाषाणाने झाकलेला असल्याने लमेटा थर मुख्यतः त्याच्या कडांवर उघडे पडतात. महाराष्ट्रात ते चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथे आढळतात. डोंगरगावच्या सांगाड्यावरून १९९७ मध्ये वर्णिलेली जात आज आयसीसॉरस या नावाने ओळखली जाते. टायटॅनोसॉरसपेक्षा तिचे अवशेष कितीतरी अधिक पूर्ण आहेत, पण सर्वसामान्य वाचकाला तिचे नाव क्वचितच माहीत असते.

प्रसिद्धी, निधी आणि डायनोसॉर

स्लीमन यांच्या अस्थी दुर्लक्षित असताना युरोप-अमेरिकेत डायनोसॉर संशोधनाने जाहिरातीची कला आत्मसात केली होती. ३१ डिसेंबर १८५३ रोजी लंडनमध्ये इग्वानोडॉनच्या अर्धवट प्रतिकृतीच्या पोटात विद्वानांना मेजवानी देण्यात आली आणि वृत्तपत्रांतून तिची चर्चा झाली. पुढच्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानातील प्रतिकृती लोकांसाठी खुल्या झाल्या. त्यांतील इग्वानोडॉनच्या नाकावर बसवलेले शिंग प्रत्यक्षात अंगठ्याचे हाड असल्याचे नंतर सिद्ध झाले. अमेरिकेत ओथनिएल मार्श व एडवर्ड कोप यांनी परस्परांवर मात करण्यासाठी घाईने नवनवी नावे जाहीर केली. १८९० मध्ये त्यांचे भांडण न्यूयॉर्क हेराल्डच्या पानांवर आले. १८९२ मध्ये संसदेने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या निधीला कात्री लावली आणि मार्श यांना पद सोडावे लागले. प्रसिद्धीने मिळवलेला पैसा प्रसिद्धीनेच घालवला. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून मिळालेल्या डिप्लोडोकसच्या जातीला त्यांचेच नाव देण्यात आले आणि १९०५ मध्ये तिची प्रतिकृती लंडनला भेट म्हणून गेली.

ही प्रथा आजही चालू आहे. गुजरातमधील राहिओली येथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी खणून काढलेल्या अस्थी अनेक वर्षे पेट्यांत होत्या. ऑगस्ट २००३ मध्ये राजासॉरस हे राजेशाही नाव आणि पुनर्रचित कवटी यांसह त्या जाहीर झाल्या तेव्हाच देशाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. अर्जेंटिनातील एका टायटॅनोसॉर गटातील प्राण्याचे वजन २०१४ मध्ये वार्ताहरांना ७७ टन सांगण्यात आले होते. २०१७ च्या शोधनिबंधात ते ६९ टन झाले आणि नंतरच्या काही अभ्यासांत सुमारे ५७ टनांवर आले. पहिला आकडा जगभर छापला गेला, दुरुस्तीला तेवढी जागा मिळाली नाही. असे असले तरी उत्खनन, वाहतूक, साफसफाई आणि जतन यांचा खर्च मोठा असतो. लोकांच्या कुतूहलाशिवाय तो मिळणे कठीण जाते, हेही बडा सिमल्याच्या मणक्यांच्या इतिहासावरून दिसते.

मूल्यमापन

दीर्घकाळ स्लीमन यांची प्रतिमा निर्दोष उद्धारकर्त्याची होती. ती घडवण्यात त्यांच्या वारसांचाही वाटा होता. त्यांचे नातू जेम्स स्लीमन यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच दहा लाख खुनांचा उल्लेख आहे. माइक डॅश यांनी २००५ मध्ये मांडलेला अंदाज सुमारे ५० हजारांचा आहे. बेहराम या ठगाच्या नावावर लावला जाणारा ९३१ खुनांचा आकडाही असाच आहे. तो त्याच्या उपस्थितीत झालेल्या खुनांबाबत होता. स्वतःच्या हातून सुमारे १२५ जण मेल्याचे त्याने अन्यत्र सांगितले होते. लोकप्रिय पुस्तकांत मात्र मोठा आकडाच टिकून राहिला.

१९५९ मध्ये हिरालाल गुप्त यांनी ठगीच्या वाढीचा संबंध कंपनीच्या राज्यविस्ताराशी आणि त्यातून आलेल्या बेकारीशी जोडला. १९६९ मध्ये स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी अखिल भारतीय संप्रदायाची कल्पना नाकारली आणि या टोळ्या स्थानिक स्वरूपाच्या असल्याचे दाखवले. राधिका सिंघा यांनी १८३६ च्या कायद्याची व माफीच्या साक्षीदारांवर उभ्या असलेल्या न्यायपद्धतीची चिकित्सा केली. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या साक्षीवर शेकडो शिक्षा झाल्या, ही तिची मूलभूत उणीव होती. किम वॅग्नर यांनी २००७ मधील ग्रंथात मधली भूमिका घेतली. त्यांच्या मते ठगी हा खरा गुन्हा होता, पण त्याचे स्वरूप धर्मवेडाचे नसून उपजीविकेसाठी केलेल्या लुटीचे होते.

फुगवलेल्या चित्राची किंमत ठगांपुरती मर्यादित राहिली नाही. काही समूह जन्मतःच गुन्हेगार असतात ही धारणा या मोहिमेने बळकट केली आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ती पक्की झाली. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी यांसारख्या अनेक समाजांना त्याचा जाच सोसावा लागला. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज कायद्याने विमुक्त झाले, तरी कलंक पुसला गेलेला नाही. दुसऱ्या बाजूला, वाटसरूंना निर्भयपणे प्रवास करता येऊ लागला आणि हिंगोलीच्या बाजारात नाहीशा झालेल्या माणसांचे काय झाले हे त्यांच्या घरच्यांना निदान कळू शकले, याचे श्रेय स्लीमन यांच्या चिकाटीलाच जाते.

ग्रंथसंपदा आणि स्मृती

रामसीआनाखेरीज मध्य भारतातील भ्रमंती व आठवणींचा दोन खंडांचा ग्रंथ (१८४४) आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला अवधच्या प्रवासाचा वृत्तान्त (१८५८) ही त्यांची महत्त्वाची पुस्तके आहेत. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांविषयीची त्यांची पुस्तिका १८५२ मध्ये लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झाली. तिच्यातील हकीकती ऐकीव स्वरूपाच्या असल्या तरी त्या दीर्घकाळ चर्चेत राहिल्या. स्लीमन यांनी उभारलेले ठगी व डकैती खाते १९०४ पर्यंत अस्तित्वात होते आणि त्यातून पुढे केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते निर्माण झाले.

मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात स्लीमनाबाद हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर १९१७ ते १९१९ दरम्यान चार्ल्स मॅटली यांनी पुन्हा उत्खनन केले आणि त्यांना तेथे आणखी अनेक डायनोसॉरांच्या अस्थी मिळाल्या. त्यांचा अभ्यास फ्रीडरिख फोन ह्यूना यांच्यासह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्लीमन यांनी १८२८ मध्ये उचललेल्या मणक्यांपैकी पुन्हा सापडलेला नमुना कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आहे.